सर्व्हरवर चालतं, ठाण्याहून चालत नाही: रिमोट जेएनडीआय लुकअपचं जुनं दुखणं

दर महिन्यात एक सोमवार हमखास असा यायचा. ट्रान्स हार्बरची गाडी ऐरोलीला थांबायची, मी स्टेशनाबाहेर येऊन रिक्षाच्या रांगेत उभा राहायचो आणि फोन वाजायचा. पलीकडे वागळे इस्टेटच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडम. "अहो, रिपोर्ट परत आला नाही. शनिवारपर्यंत तर येत होता."

मांडणी तशी साधी. म्हाप्याच्या एका डेटा सेंटरात आमचा जावा ॲप्लिकेशन सर्व्हर, त्यावर बिलिंग. ठाण्याच्या ऑफिसात एक जुनं लिनक्स मशीन, त्यावर पहाटे पाचला चालणारा जॉब. हा जॉब जेएनडीआयमधून (जावाची नावावरून वस्तू शोधायची सोय, या शोधालाच लुकअप म्हणतात) म्हाप्याच्या ईजेबीचा (सर्व्हरवर राहणारा, दुरून बोलावता येणारा जावाचा घटक) पत्ता काढतो, त्याच्याकडून आकडे घेतो आणि रिपोर्ट तयार करतो. बिघाडाचं लक्षण दर वेळी तेच: म्हाप्याच्या मशीनवर लॉगिन करून तोच जॉब चालवला की पहिल्या फटक्यात चालतो, ठाण्याहून चालवला की एक्सेप्शन.

"सर्व्हरवर चालतंय, म्हणजे सर्व्हर ठीक आहे, नेटवर्कवाल्यांना सांगा" असं यावर कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटलं. नेटवर्कवाल्याने टेलनेट मारून दाखवला, पोर्ट उघडा होता, त्याने तिकीट आमच्याकडे परत ढकललं. ते तिकीट असं किती वेळा खाडी ओलांडून आलं-गेलं त्याची गणती नाही.

इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. कन्फिगमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगने आणि लहानमोठ्या अक्षरांसकट लागतात. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी जेएनडीआय ऐकून घेत नाही.

लुकअप म्हणजे दोन खेपा

कोडमध्ये लुकअप एका ओळीचा दिसतो, म्हणून तो एकच काम करतो असं वाटतं. प्रत्यक्षात दोन खेपा असतात. पहिल्या खेपेत क्लायंट (विचारणारा, इथे ठाण्याचा जॉब) प्रोव्हायडर यूआरएलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या ओळीत, दिलेल्या होस्टकडे आणि पोर्टकडे जातो आणि विचारतो, अमुक नावाची वस्तू कुठे आहे? उत्तरात त्याला वस्तू मिळत नाही, वस्तूपर्यंत पोचण्याची चिठ्ठी मिळते. तिला कोणी स्टब म्हणतं, कोणी प्रॉक्सी, कॉर्बा या जुन्या मानकाच्या जगात आयओआर. दुसऱ्या खेपेत क्लायंट ती चिठ्ठी वाचतो आणि तिच्यावर लिहिलेल्या पत्त्यावर जातो. हा दुसरा पत्ता तुम्ही यूआरएलमध्ये दिलेला नसतो, सर्व्हरने स्वतःच्या समजुतीप्रमाणे लिहिलेला असतो.

नेटवर्कवाल्याचा टेलनेट फक्त पहिली खेप तपासत होता. आमची दुसरी खेप फसत होती. महिनोन्महिने दोघंही खरं बोलत होतो आणि भांडत होतो.

म्हणून पहिलं काम: नेमकी कुठली खेप फसली ते ठरवायचं. त्यासाठी स्टॅक ट्रेस (एक्सेप्शनबरोबर छापली जाणारी लांबलचक यादी) खालून वर वाचायचा. जेएनडीआय सगळ्या तक्रारी आपल्या पाकिटात घालून पाठवतो. वरचं 'नेमिंग एक्सेप्शन' म्हणजे नुसतं पाकीट. आत, सगळ्यात खालच्या 'कॉज्ड बाय'मध्ये खरा मजकूर असतो. तिकिटात लोक वरच्या पाच ओळी चिकटवतात आणि कामाची ओळ नेमकी सत्तराव्या जागी असते.

'नो इनिशियल कॉन्टेक्स्ट एक्सेप्शन' आलं तर क्लायंट घराबाहेरच पडलेला नाही. इनिशियल फॅक्टरीच (पहिला संपर्क जुळवून देणारा क्लास) सांगितलेली नाही, किंवा जेएनडीआय डॉट प्रॉपर्टीज ही फाइल क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या यादीत) नाही, किंवा फॅक्टरीचा क्लास ज्या जारमध्ये (क्लासांच्या गठ्ठ्याच्या फाइलमध्ये) आहे ती जार नाही. सर्व्हरकडे बघण्यात वेळ घालवू नका. 'कम्युनिकेशन एक्सेप्शन' म्हणजे रस्त्यात अडलं, पण कुठल्या खेपेत ते आतल्या पत्त्यावरून कळतं. 'नेम नॉट फाउंड' ही मात्र चांगली बातमी समजावी: तुम्ही पोचलात, कोणीतरी ऐकलं, यादी पाहिली आणि त्या नावाचं कोणी राहत नाही असं उत्तर दिलं. नेटवर्क, फायरवॉल, पोर्ट सगळं ठीक. 'क्लास कास्ट' आणि 'नो क्लास डेफ फाउंड' तर त्याही पुढचे. वस्तू हातात आली आहे, दोन्हीकडच्या जार जुळत नाहीत.

रस्त्यात अडल्याचेही दोन प्रकार, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे दारापर्यंत गेलो आणि कोणीतरी "इथे कोणी नाही" म्हणून लगेच सांगितलं. 'टाइम्ड आउट' म्हणजे दार वाजवत बसलो आणि आतून आवाजच नाही. पहिल्यात बहुधा पत्ता चुकलेला असतो किंवा सर्व्हर त्या पोर्टवर ऐकत नसतो, दुसऱ्यात बहुधा फायरवॉल नेटवर्कची पॅकेट्स गिळत असते.

१२७.०.१.१ची गोष्ट

आमच्या ट्रेसमधली सगळ्यात खालची ओळ होती: कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट १२७.०.१.१.

हा आकडा पाहिल्याबरोबर उलगडा व्हायला हवा होता, झाला नाही. आम्ही यूआरएलमध्ये म्हाप्याचा पत्ता दिलेला. ठाण्याचं मशीन १२७.०.१.१कडे कशाला जाईल? १२७ने सुरू होणारे सगळे पत्ते म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन. कोणी चिठ्ठीत "माझ्या घरी ये" एवढंच लिहावं आणि वाचणाऱ्याने ते वाचून स्वतःच्याच घरी जाऊन बेल वाजवावी, तसं चाललं होतं. म्हाप्याच्या सर्व्हरने चिठ्ठीवर स्वतःचा पत्ता म्हणून १२७.०.१.१ लिहिला. ती चिठ्ठी म्हाप्याच्याच मशीनवर वाचली तर बरोबर घरी पोचते, म्हणून तिथे जॉब चालायचा. ठाण्याला वाचली की ठाण्याचं मशीन स्वतःचंच दार ठोठावायचं.

सर्व्हर असं का लिहितो? आमचा सर्व्हर जुन्या वळणाचा, आरएमआयवर (दुसऱ्या मशीनवरच्या जावा वस्तूला बोलावायची जावाची जुनी पद्धत) चालणारा. आरएमआयला स्टबमध्ये कुठला पत्ता घालायचा हे सांगितलं नसेल, तर तो जेव्हीएमला (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) विचारतो की या मशीनचा लोकल होस्ट कोण. जेव्हीएम मशीनचं नाव घेते आणि ते नाव सोडवायला आधी ईटीसीमधली होस्ट्स फाइल बघते. डेबियन आणि उबुंटूमध्ये मशीनच्या नावासमोर १२७.०.१.१ लिहायची रीत आहे. झालं, चिठ्ठीवर तोच पत्ता गेला. सर्व्हरवर 'होस्टनेम वजा आय' एवढी कमांड चालवून बघा; उत्तर १२७ने सुरू झालं तर तुमचीही कथा हीच आहे.

दुरुस्ती सोपी होती. होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावासमोर खरा पत्ता लिहिला, सर्व्हर रीस्टार्ट केला, ठाण्याहून जॉब चालला. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "आता बघा हं, परत बंद पडू देऊ नका."

पुढच्या महिन्यात जॉब परत बंद पडला. होस्ट्स फाइल उघडली तर १२७.०.१.१ची ओळ जागच्या जागी.

मला वाटलं, कोणीतरी मशीनला हात लावतंय. रात्रपाळीला एक नवा मुलगा लागला होता; माझा सगळा संशय त्याच्यावर. त्याला दोनदा आडून आडून विचारलं, तिसऱ्यांदा सरळ विचारलं. तो बिचारा म्हणाला, "सर, मी त्या मशीनवर लॉगिनच करत नाही, मला पासवर्डच दिलेला नाही." खरं होतं. फाइलची बदलाची वेळ पाहिली तर ती मशीन बूट झाल्याच्या मिनिटाशी जुळत होती. रविवारी रात्री पॅचिंग, पॅचिंगनंतर रीबूट, आणि रीबूटमध्ये कोणीतरी फाइल नव्याने लिहितं. फाइलच्या वरच्या टोकाला कॉमेंटमध्ये ते नाव होतंच: क्लाउड-इनिट, म्हणजे मशीन बूट होताना त्याची मांडणी करणारं साधन. त्याच्या कन्फिगमध्ये 'मॅनेज ईटीसी होस्ट्स' चालू असलं की तो प्रत्येक बूटला टेम्प्लेटवरून होस्ट्स फाइल लिहून काढतो, तुम्ही हाताने काय दुरुस्त केलंय त्याची त्याला पर्वा नसते. कॉमेंटमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. कॉमेंट कोण वाचतं! त्या मुलाला मी नंतर वडापाव आणि कटिंग पाजली, पण तीन महिने उगाच त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं ते पाहिलंच.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. एक, क्लाउड-इनिटचं ते वागणं बंद केलं. त्याऐवजी टेम्प्लेट दुरुस्त केलं तरी चालतं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, सर्व्हरच्या जेव्हीएमला सुरू होतानाच जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम ही प्रॉपर्टी देऊन चिठ्ठीवर काय लिहायचं ते सांगून टाकलं. मग होस्ट्स फाइलमध्ये काहीही असो. ही प्रॉपर्टी सर्व्हरच्या जेव्हीएमला द्यायची, क्लायंटच्या नाही. क्लायंटला देऊन "काही फरक पडत नाही" म्हणणारे बरेच भेटले. चिठ्ठी लिहिणारा सर्व्हर, मग त्यालाच सांगायला नको का?

किंमत म्हणून आयपी न देता नाव द्यावं. म्हाप्याच्या आतल्या मशीनांना सर्व्हर एका आयपीवर दिसतो, ठाण्याला व्हीपीएनमधून दुसऱ्याच. आतला आयपी दिला तर ठाणं अडतं, बाहेरचा दिला तर आतले अडतात. नाव दिलं तर स्टबमध्ये नावच जातं आणि ते सोडवायचं काम क्लायंटच्या बाजूला होतं. दोन्हीकडच्या डीएनएसने ते आपापल्या परीने सोडवावं. फक्त ते नाव ठाण्यातून सुटतंय ना ते आधी तपासा, नाहीतर रिफ्यूज्डच्या जागी 'अननोन होस्ट' येईल.

दुसऱ्या खेपेचा पोर्टही वेगळा असतो हे विसरू नका. जेबॉस या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत १०९९वर पहिली विचारणा व्हायची आणि नेमिंगचं पुढचं बोलणं १०९८वर. १०९९ उघडून १०९८ बंद ठेवलेली फायरवॉल मी स्वतः पाहिली आहे; टेलनेट खूश, लुकअप नाखूश. शिवाय आरएमआयच्या वस्तूला पोर्ट नेमून दिला नसेल तर ती मिळेल तो मोकळा पोर्ट घेते, म्हणजे प्रत्येक रीस्टार्टला नवा. आज चालतं, उद्या नाही, परवा चालतं, असं असेल तर पोर्ट पक्का करून घ्या आणि तोच फायरवॉलवाल्याला कळवा. ग्लासफिशसारख्या आयआयओपीवाल्या (कॉर्बाचा प्रोटोकॉल वापरणाऱ्या) सर्व्हरांत पहिला पोर्ट साधारण ३७०० असतो, पण चिठ्ठीचा न्याय तोच. आयओआरमध्येही सर्व्हरने स्वतःचा होस्ट लिहिलेला असतो.

आणि मूळ पायरी: सर्व्हर ऐकतोय कुठे? आजचे बरेच सर्व्हर मुद्दामच फक्त १२७.०.०.१वर ऐकायला बसतात. जेबॉसने ते ४.२ आवृत्तीपासून केलं आणि ते योग्यच केलं. बाइंड ॲड्रेस न देता सर्व्हर उठवला तर सर्व्हरवरून चालेल आणि बाहेरून चालणार नाही, लक्षण अगदी आमच्यासारखंच. सर्व्हरवर 'एसएस' कमांडने ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढली की दहा सेकंदांत निकाल लागतो.

कुठला सेक्टर १०?

आता 'नेम नॉट फाउंड'. नवी मुंबईत रिक्षावाल्याला नुसतं "सेक्टर १०" सांगून बघा. तो वळून विचारेल, कुठला सेक्टर १०? वाशीला आहे, ऐरोलीला आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. ऐरोलीतच बसलेल्या माणसाने ऐरोलीतल्याच माणसाला सांगितलं तर नुसतं सेक्टर १० पुरतं, ठाण्याहून येणाऱ्याला नोडचं नाव लागतं.

जेएनडीआयची नावं अशीच आहेत. जावा:कॉम्प हे ज्या त्या कंपोनंटचं खासगी, जावा:मॉड्यूल हे एका मॉड्यूलपुरतं, जावा:ॲप हे एका ॲप्लिकेशनपुरतं, आणि जावा:ग्लोबल हे पूर्ण पत्त्यासारखं. ही शिस्त २००९मध्ये जावा ईई ६ने घालून दिली. त्याआधी प्रत्येक सर्व्हरची तऱ्हा वेगळी. पण एक गोम अशी की बऱ्याच सर्व्हरांच्या बाबतीत 'जावा:'ने सुरू होणारं नाव क्लायंट आपल्याच जेव्हीएममध्ये शोधतो, पलीकडे जातच नाही. म्हणून सर्व्हरच्या लॉगमधून जावा:ग्लोबलवालं नाव उचलून ठाण्याच्या स्वतंत्र जॉबमध्ये घातलं तर ते बहुधा मिळत नाही. वाइल्डफ्लायने (जेबॉसचं नवं नाव) यावर स्वच्छ तोडगा काढलाय: बाहेरून जे दिसायचं ते जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड या फांदीखाली ठेवायचं, आणि क्लायंटने नाव विचारताना हा पुढचा भाग गाळून उरलेलं विचारायचं. गाळायचं विसरलात की मिळत नाही. फांदीखाली ठेवायचं विसरलात तरीही मिळत नाही. जेएमएसच्या (जावाची निरोप पाठवायची सोय) कनेक्शन फॅक्टरीच्या बाबतीत हे फार होतं.

नाव आठवणीने टाइप करू नका. डिप्लॉय होताना सर्व्हर ईजेबीची सगळी नावं लॉगमध्ये छापतो, तिथून उचला. लॉग फिरून गेला असेल तर वाइल्डफ्लायच्या सीएलआयमध्ये (कमांड लाइनमध्ये) नेमिंग सबसिस्टिमवर 'जेएनडीआय-व्ह्यू' चालवा, ग्लासफिशमध्ये 'एएसॲडमिन लिस्ट-जेएनडीआय-एंट्रीज'. जे यादीत नाही ते कितीही रीस्टार्ट करून मिळणार नाही. यादीत ते का नाही याचं उत्तर बहुधा त्याच लॉगमध्ये थोडं वर असतं: डेटासोर्स उठला नाही, म्हणून ॲप्लिकेशन उठलं नाही, म्हणून नाव बांधलं गेलं नाही.

आणि या प्रकारातलं पुन्हापुन्हा येणारं दुखणं: ग्लोबल नावाचा पहिला तुकडा म्हणजे ॲप्लिकेशनचं नाव, आणि ते वेगळं सांगितलं नसेल तर ईएआर फाइलच्या (पूर्ण ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्याच्या) नावावरून घेतलं जातं. मेव्हन या बिल्डच्या साधनाने बांधलेल्या फाइलच्या नावात आवृत्ती असते. बिलिंग-२.३ जाऊन बिलिंग-२.४ आलं की नाव बदललं. डेव्हलपर म्हणतो कोडला हात लावला नाही, ते खरंच असतं. म्हणजे दर रिलीजच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून फोन. ॲप्लिकेशन एक्सएमएलमध्ये ॲप्लिकेशन-नेम आणि ईजेबी-जार एक्सएमएलमध्ये मॉड्यूल-नेम एकदा पक्कं लिहून टाका, किंवा बिल्डमधूनच आवृत्ती काढा. दोन ओळींचं काम आहे. आमच्याकडे ते करायला दीड वर्ष लागलं, कारण प्रत्येक वेळी क्लायंटच्या प्रॉपर्टी फाइलमध्ये नवा आकडा टाकणं 'सध्यापुरतं' सोपं वाटायचं.

वाइल्डफ्लायवर गेलात तर

नव्या बिलिंगसाठी आम्ही वाइल्डफ्लाय घेतला. आरएमआयचं चिठ्ठीचं दुखणं बरंचसं संपलं, त्याच्या जागी तीन नवीन मिळाली.

पहिलं पोर्टचं. जेबॉस ७मध्ये रिमोटिंग (बाहेरच्या क्लायंटशी बोलायचा प्रोटोकॉल) ४४४७वर होतं. २०१४च्या वाइल्डफ्लाय ८पासून ते ८०८०वरच, एचटीटीपीने दार उघडून मग प्रोटोकॉल बदलून चालतं. यूआरएलची सुरुवातही बदलली, आधी एचटीटीपी-रिमोटिंग आणि ११व्या आवृत्तीपासून रिमोट+एचटीटीपी. नेटवर सापडलेला जुना तुकडा चिकटवला की यातलं काहीतरी हमखास चुकतं. मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या आत पोचवणारी) असेल तर ती एचटीटीपीचं 'अपग्रेड' पुढे जाऊ देते का बघा. वेबपानं झकास उघडतात आणि लुकअप मरतो, तेव्हा संशय तिच्यावर घ्यायचा. पोर्ट ऑफसेट (सगळे पोर्ट तेवढ्याने पुढे सरकवणारं सेटिंग) १०० दिला असेल तर ८०८०चं ८१८० झालेलं असतं, हेही लोक विसरतात.

दुसरं ओळखपत्राचं, आणि हे मला सगळ्यात लबाड वाटतं. क्लायंट त्याच मशीनवर असेल तर वाइल्डफ्लाय युजर-पासवर्ड मागत नाही. तात्पुरत्या फाइलमधलं टोकन क्लायंटला वाचता आलं की तो घरचाच आहे असं मानून आत घेतो. म्हणून सर्व्हरवर टेस्ट पास. ठाण्याहून मात्र ऑथेंटिकेशन फेल्ड. ॲड-युजर स्क्रिप्टने युजर करताना मॅनेजमेंट न निवडता ॲप्लिकेशन युजर निवडा, आणि क्लायंटमध्ये सिक्युरिटी प्रिन्सिपल आणि क्रेडेन्शियल्स (युजरचं नाव आणि पासवर्ड) द्या. टेस्ट कायम तिसऱ्याच मशीनवरून घ्या. सर्व्हरवर बसून घेतलेली टेस्ट रिमोट लुकअपबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

तिसरं 'ईजेबी:'ने सुरू होणाऱ्या नावाचं. स्टेटलेस बीनसाठी (आधीच्या कॉलचं काही लक्षात न ठेवणाऱ्या ईजेबीसाठी) हा लुकअप सर्व्हरला विचारतच नाही; नावावरून इथल्या इथे प्रॉक्सी बनवून देतो. नाव साफ चुकीचं दिलं तरी लुकअप यशस्वी! रडगाणं सुरू होतं पहिली मेथड बोलावल्यावर: 'नो ईजेबी रिसीव्हर अव्हेलेबल', नव्या आवृत्त्यांत 'अनएबल टू डिस्कव्हर डेस्टिनेशन'. तेव्हा लुकअपच्या ओळीनंतर "इथपर्यंत आलं म्हणजे कनेक्शन ठीक" असा लॉग घातला असेल तर तो काढून टाका, तो दिशाभूल करतो.

जारचा गोंधळ थोडक्यात सांगतो. वाइल्डफ्लायच्या बिन/क्लायंट फोल्डरमधली जेबॉस-क्लायंट जार सर्व्हरच्या आवृत्तीचीच घ्या. आयआयओपीवाला जुना क्लायंट जेडीके (जावाचा मूळ संच) ११वर चढवला तर कॉर्बाचे क्लास सापडणार नाहीत, २०१८मध्ये ते जेडीकेतून काढले. जाकार्ता ईई ९नंतर ईजेबीची पॅकेजं जावाएक्सची जाकार्ता झाली, पण नेमिंगचं पॅकेज जेडीकेचं असल्याने जावाएक्सच राहिलं; सरसकट शोधा-आणि-बदला केलेल्या एका उत्साही मित्राची त्यात एक संध्याकाळ गेली.

क्लायंट सतत चालू राहणारा असेल तर आणखी एक. जॉब एकदा लुकअप करून स्टब स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो, सर्व्हर रीस्टार्ट होतो, आणि जुनी चिठ्ठी घेऊन गेलेल्याला 'नो सच ऑब्जेक्ट इन टेबल' ऐकायला मिळतं. ते पकडून एकदा नव्याने लुकअप करावा. एकदाच, अनंत वेळा करणारा लूप लिहिलात तर सर्व्हर उठता उठता पुन्हा झोपेल.

दुसरी डिरेक्टरी: सकाळचा पहिला लॉगिन

लुकअप ईजेबीचाच असतो असं नाही. युजरचं लॉगिन एलडॅपमधून (युजरांची यादी ठेवणाऱ्या डिरेक्टरीतून) होत असेल तर तोही जेएनडीआयच, आणि त्याचं दुखणं वेगळ्या वेळी येतं: सकाळी साडेनऊला पहिला माणूस लॉगिन करतो आणि चक्र फिरत राहतं. पाच-सहा जण असे अडकतात, मग आपोआप सुरळीत.

रात्रभर पूलमधली (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली) कनेक्शनं नुसती पडून असतात. मधली फायरवॉल बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन आपल्या यादीतून गुपचूप काढते आणि दोन्ही टोकांना कळवत नाही. सकाळी जेएनडीआय तेच मेलेलं कनेक्शन उचलतो, विनंती पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. रीड टाइमआउट दिला नसेल तर जावा आपणहून थांबत नाही. लिनक्सचा टीसीपी पुन्हापुन्हा पाठवून दमतो तेव्हा सुटका, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याला १५ मिनिटांच्या आसपास लागतात.

उपाय: एलडॅपचा कनेक्ट टाइमआउट आणि रीड टाइमआउट दोन्ही द्या, आकडा मिलिसेकंदांत आणि स्ट्रिंग म्हणून, म्हणजे पाच सेकंदांसाठी "५०००". पूलमध्ये कनेक्शन किती वेळ पडू द्यायचं तो पूल टाइमआउट फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. आणि इथेच सगळे फसतात: पहिले दोन कॉन्टेक्स्टच्या हॅशटेबलमध्ये जातात, पूल टाइमआउट मात्र जेव्हीएमची सिस्टिम प्रॉपर्टी आहे. तो हॅशटेबलमध्ये घातला तर कुणी तक्रार करत नाही आणि परिणामही होत नाही. एलडॅपएस (एनक्रिप्ट केलेलं एलडॅप) वापरत असाल तर पूलिंगच्या प्रोटोकॉलमध्ये एसएसएल स्वतः लिहावं लागतं, मुळात फक्त साधी कनेक्शनंच पूलमध्ये जातात. शोधाचा निकाल वाचून झाल्यावर एन्युमरेशन आणि कॉन्टेक्स्ट बंद करा. नाही केले तर कनेक्शन पूलमध्ये परत येत नाही.

जुलै २०१८च्या जेडीके ८ अपडेट १८१पासून एलडॅपएसमध्ये सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही वापरलेलं नाव जुळतंय का ते तपासलं जातं. जेडीके अपडेट केल्यावर लॉगिन बंद पडलं आणि यूआरएलमध्ये आयपी असेल तर कारण हेच. ही तपासणी बंद करायची प्रॉपर्टी आहे, पण ती वापरू नका, यूआरएलमध्ये नाव लिहा. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने एरर ४९ (लॉगिन नाकारलं) दिला तर पुढचा 'डेटा' आकडा वाचा: ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५३२ म्हणजे त्याची मुदत संपली, ७७५ म्हणजे खातं कुलूपबंद. सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डची मुदत संपून दर काही महिन्यांनी सगळं ऑफिस बाहेर अडकणं हा प्रकार तिकिटांत वाटतो त्यापेक्षा फार जास्त आहे.

पोर्ट उघडताना हात थोडा आखडता ठेवा. नेमिंगचे पोर्ट ठाण्याच्या त्या एका मशीनपुरते उघडायचे, सगळ्या जगाला नाही. आणि बाहेरून आलेली स्ट्रिंग कधीही थेट लुकअपमध्ये घालायची नाही. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या अशाच लुकअपने जगभरच्या ॲडमिनांची झोप उडवली होती.

ठाण्याच्या मशीनवर आता मी तीसेक ओळींचा एक प्रोग्रॅम ठेवलाय. तो जेव्हीएमची आवृत्ती छापतो, प्रोव्हायडर यूआरएल आणि त्यातलं नाव कुठल्या आयपीला सुटतं ते छापतो, लुकअपला किती मिलिसेकंद लागले ते छापतो, मिळालेली वस्तू जशीच्या तशी छापतो आणि एक निरुपद्रवी मेथड बोलावतो. शुद्ध आरएमआय स्टब छापला की त्यात 'एंडपॉइंट' म्हणून होस्ट आणि पोर्ट दिसतात. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते अंदाज न लावता कळतं. पॅचिंगच्या रात्री क्रॉन तो दर पाच मिनिटांनी चालवतो आणि एंडपॉइंट १२७ने सुरू झाला तर माझ्या फोनवर मेसेज येतो. आत्तापर्यंत तो एकदाच आला. म्हाप्याचं मशीन नव्याने उभं केलं होतं आणि जेव्हीएमची ती प्रॉपर्टी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घालायची राहिली होती. रात्री अडीचला घरूनच घातली, सर्व्हर उठवला, पाचचा जॉब वेळेवर गेला. मॅडमना काही कळलं नाही.